तापीकाठचा उस्ताद

चित्र कुणाचं आहे हे ओळखायचं असेल तर चेहरे बघू नयेत, असं माझं मत आहे. या मतावर मी तीस वर्षं जेवलो. चेहरा चित्रकार जीव ओतून काढतो, कारण सुलतान चेहराच बघणार असतो. तिथे तो सावध असतो, गुरूने शिकवलं तसंच गिरवतो. पण अंगठ्याचं नख, कमरपट्ट्याची गाठ, घोड्याचा खूर, कान, ही कामं तो उरकून टाकतो आणि तिथेच पकडला जातो. इराणी लघुचित्रांवर सह्या फार थोड्या. चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या बिननावाच्या माणसांना मी असल्या उरकलेल्या जागांवरून हुडकून काढायचो. परिषदेत कुणी समोर पान ठेवलं की भिंग लावायचो आणि दोन मिनिटांत सांगायचो, हे अमक्याचं नाही, त्याच्या चेल्याचं आहे, नख चौकोनी आहे बघा. टाळ्या पडायच्या. मला टाळ्या आवडतात, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

माझं सगळ्यात मोठं हुडकणं म्हणजे तापीकाठचा उस्ताद. बारा वर्षांपूर्वी नंदुरबारचे व्यापारी सुगनचंदजी यांनी मला आपल्या दुकानाच्या गादीवर बसवून पहिलं पान दाखवलं, आणि पुढच्या वर्षांत एकेक करत सात. एका जहागीरदाराच्या घरातून आली म्हणाले. कागद जुना, रंग दगड कुटून केलेले, सोनं खरं. खडक गुलाबी, सुरूची झाडं, सोनेरी आभाळ, सगळा थाट इराणातल्या शिराझचा. फक्त घोड्यांचे कान आत वळलेले आणि टोकाला टोक टेकलेले. इराणी घोड्याचे कान सरळ असतात. असे वळलेले कान मारवाडी आणि काठेवाडी घोड्याचे.

दुसरा कुणीही असता तर म्हणाला असता, नकली आहे, उचला. पण मी तापीकाठच्या प्रकाशा गावचा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या पायांखालून पळत लहानाचा मोठा झालो. मला त्या कानांत अख्खा माणूस दिसला. एक इराणी चित्रकार सुरतेला जहाजातून उतरतो, बुऱ्हाणपूरच्या वाटेला लागतो, आणि तापीकाठी कुणाच्या तरी आश्रयाला राहतो. हात शिराझचा, पण डोळ्यांसमोर घोडे इथले. मी पुस्तक लिहिलं. ते गाजलं, बाहेरच्या भाषांत गेलं. खानदेशाला स्वतःचा उस्ताद मिळाला म्हणून माझे सत्कार झाले. त्या सात पानांसाठी संग्रहालयाची इमारत उभी राहायला लागली आणि दालनाला माझं नाव द्यायचं ठरलं.

सुगनचंदजी दोन वर्षांपूर्वी वारले. या फेब्रुवारीत इन्स्पेक्टर करणसिंग यांचा मला फोन आला.

"सर, आखो एक पान सापडनं शे," ते म्हणाले. "तुमना उस्तादनंच दिखस. पन ज्या बाईकडे सापडनं, ती म्हनस, मीच काढं."

"बाई काय म्हणते त्याचं काय घेऊन बसलात?" मी म्हणालो.

"तरी तुम्ही या. मन्हं डोकं चालत नही."

प्रकरण असं होतं. सुगनचंदजींचा नातू अंकित याने तक्रार दिली होती, की आजोबांच्या कपाटातलं एक पान घरकाम करणाऱ्या बाईने पळवलं. नवापूरच्या बाजूला डोंगरातल्या एका गावात तिच्या पत्र्याच्या पेटीत ते पान सापडलं. बाईचं नाव रूथ गावित. पान उस्तादाचं ठरलं तर चारशे वर्षांच्या ठेव्याची चोरी, म्हणजे तुरुंग. पान तिचं ठरलं तर गुन्हाच नाही, स्वतःचं चित्र स्वतःच्या पेटीत ठेवायला कायद्याची बंदी नाही. इतका साधा प्रश्न, आणि उत्तर देणारा मी.

मी पोलीस ठाण्यात पोचलो तेव्हा ती बाकावर बसली होती. चाळिशीच्या आतबाहेरची, तेल लावून घट्ट वेणी, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस. मला बघून उठली. करणसिंगांना वरिष्ठांचा फोन आला आणि ते बाहेर गेले. खोलीत आम्ही दोघंच उरलो, मध्ये टेबल, टेबलावर ते आठवं पान. मी भिंग लावलं. नदी ओलांडणारे तीन घोडे, तिसरा अर्धवट, नुसत्या रेषेत. हात उस्तादाचाच होता, त्यात मला काडीचीही शंका आली नाही.

"सर, ती सात पानंपण मीच काढलीत," ती म्हणाली. शाळेत शिकलेली, शब्द वेचून बोललेली मराठी.

मी हसलो. "बरं. कसं काय?"

तिने सांगितलं. तिचे वडील अब्राहाम दर डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांना चारा कापायला मजुरीने जायचे आणि तिला सोबत न्यायचे. महिनाभर ती घोड्यांतच असायची. पुढे एका नाताळात तिने चर्चच्या भिंतीवर येशूला भेटायला आलेले तीन ज्ञानी लोक काढले. उंट तिने कधी पाहिला नव्हता, म्हणून तिघांना घोड्यांवर बसवलं. सुगनचंदजी तूर खरेदीला त्या गावात गेले होते, त्यांनी ती भिंत बघितली. मग तिला नंदुरबारला आणलं, दुकानाच्या माडीवर बसवलं, इराणी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक दिलं, आणि जुन्या पोथ्यांमधली कोरी पानं. दगड ती स्वतः वाटायची. रंगात धावड्याचा डिंक घालायची, तो गावाकडून आणायची. अकरा वर्षं रोजावर काम केलं. पानं कुठे जातात ते तिने विचारलं नाही आणि शेठने सांगितलं नाही.

"आणि हे?" मी आठव्या पानावर बोट ठेवलं.

"शेठ गेले तेव्हा हे अर्धं राहिलं होतं. माझंच होतं, म्हणून घरी नेलं. शेठाणींना विचारा, उमरावबाईंना. त्या रोज मला चहा आणून द्यायच्या."

करणसिंगांनी विचारलं होतं. उमरावबाईंनी जबाब दिला होता, की ही पोरगी गहू निवडायला आणि पापड लाटायला यायची, माडीवर काय करायची ते ठाऊक नाही.

"मग घोड्यांचे कान असे का काढलेस?" मी विचारलं. बारा वर्षं ज्या प्रश्नावर जगलो तो असा सहज तोंडातून गेला.

"पुस्तकातले कान चुकले होते सर," ती म्हणाली. "काढणाऱ्याने घोडा नीट पाहिला नसेल. मी दुरुस्त केले."

मी टेबलावरचा एक कोरा कागद आणि बॉलपेन तिच्यापुढे सरकवलं. तिने घोडा काढायला घेतला तो कानापासून. बाकीचे लोक मानेपासून घेतात, पाठीपासून घेतात. तिने आधी हवेत एक कान काढला, मग त्याला टेकणारा दुसरा, आणि त्या दोन कानांखाली घोडा येऊन उभा राहिला. ती रेघ मी भिंगाखाली हजार वेळा बघितली होती. सुरुवातीला जरा जाड, वळणावर बारीक, आणि टोकाला नकळत दिलेला एक हिसका. तो हिसका म्हणजे वृद्धापकाळाचा कंप, असं मी पुस्तकात दोन पानं लिहिलं होतं. बाई धडधाकट होती. हिसका ही नुसती तिची सवय होती.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. वेड्यासारखा आनंद. ज्या माणसाला मी बारा वर्षं शोधत होतो तो माझ्यासमोर बसून घोडा काढत होता आणि त्याचे हात उबदार होते. मग भानावर आलो. संग्रहालय, पुस्तक, दालनावरची पाटी, परिषदांतली ती माणसं, ज्यांची पानं मी तीस वर्षं तोंडावर फेकली, ती आता कशी हसतील ते मला दिसायला लागलं. नवापूरकडच्या मजुराच्या पोरीला शिराझचा उस्ताद समजला म्हणतील. आणि त्या क्षणी मला त्या बाईचा इतका राग आला, की तेवढा राग मी आयुष्यात कुणाचा केला नाही. तिने माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. पण ती होती, एवढं पुरेसं होतं.

मी तो कागद घडी करून खिशात घातला.

"हे बघ रूथ," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच मायेचा वाटला. "करणसिंग उद्या तुला पंचांसमोर घोडा काढायला सांगणार. तसे कान काढलेस तर काय होईल माहीत आहे? ती सातही पानं तुझी ठरतील. म्हणजे शेठच्या साथीने तू बनावट माल केलास. त्याची शिक्षा चोरीहून मोठी आहे."

तिचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही काय करतोय ते."

"कायदा ते विचारत नाही. तू उद्या सरळ कान काढ. पुस्तकात होते तसे. मग मी लिहून देतो, की तू स्वतंत्र चित्रकार आहेस, तुझा हात वेगळा आहे, आणि हे आठवं पान म्हणजे उस्तादाची तू केलेली नक्कल आहे. घरी जाशील."

"आणि ती सात?"

"ती विसर."

तिने आठव्या पानातल्या घोड्याच्या कानावर बोट ठेवलं. "सर, सरळ कानांचा घोडा खोटा दिसेल," ती म्हणाली.

"दिसू दे."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही सगळे त्याच खोलीत जमलो. करणसिंग, एका शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, एक तलाठी, अंकित, आणि मी. उघड्या खिडकीतून बाजारातल्या मिरचीचा खकाणा येत होता आणि तलाठी सारखा खोकत होता. करणसिंगांच्या हातात माझं पुस्तक होतं. या माणसाने ते खरंच वाचलं होतं, कागदाच्या कपट्यांनी खुणा घातल्या होत्या.

"सर, पान चौऱ्यांशीवर तुम्हीच लिखं शे," ते म्हणाले. "बाकी सगळं कोनीबी नक्कल करी लेस, पन कान नही. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो.

"मंग कानच दखूत." आणि रूथकडे वळून ते म्हणाले, "बाई, घाबरू नको. तू रोज जसा काढस तसाच घोडा काढ." त्यांना तिचं खरं ठरावं असं वाटत होतं, ते आवाजातच कळत होतं. भला माणूस. मला त्याचाही राग आला.

शाळेतून आणलेला कागद आणि रंगपेटी तिच्यापुढे ठेवली. आठवं पान बाजूलाच झाकून ठेवलं होतं. तिने ब्रश ओला केला, आणि हात सवयीने वर गेला. पहिला कान आत वळायला लागला. अर्ध्या वाटेत ती थांबली. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पापण्या मिटून उघडल्या, एवढंच. तिने ती रेघ पाण्याने पुसली आणि दोन सरळ, टोकदार, मूर्ख कान काढले. पुढचा घोडाही बिघडला. कानांवरूनच तिला घोडा सापडायचा, ते बिघडल्यावर मानेला आणि पाठीला धरायला काही उरलं नाही. चित्रकलेच्या शिक्षकांनी नाक मुरडलं. अंकित मोबाइलमध्ये बघत होता.

करणसिंगांनी कागद उचलला, पुस्तकातल्या चित्राशेजारी धरला आणि खुर्चीत मागे टेकले. "नही रे बाप," ते हळूच म्हणाले. मग आठव्या पानावरचं झाकण काढून मला विचारलं, "आणि हाई आठवं पान? हाई कोनं शे?"

रूथ माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर पूर्ण भरवसा होता. मला अजून वाटतं, तिथे मी एक वाक्य बदललं असतं तरी माझं पुस्तक बचावलं असतं आणि तीही सुटली असती. नक्कल आहे म्हणायचं, बस. ते मी आदल्या दिवशी कबूलही केलं होतं. पण पान खरं होतं, फार सुंदर होतं, उस्तादाने काढलेल्या सगळ्यांत सुंदर. अर्धवट सोडलेल्या तिसऱ्या घोड्यावरून तो काम कसं करायचा ते जगाला पहिल्यांदा दिसणार होतं. त्या पानावर एक अख्खं नवं प्रकरण लिहिता येणार होतं. नक्कल म्हटलं की ते पान कुठल्याशा पेटीत जाऊन पडलं असतं.

"उस्तादाचं," मी म्हणालो. "निर्विवाद."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने ब्रश उचलला आणि काढायला लागली. त्याच कागदाच्या कोपऱ्यात एक, मग मागच्या बाजूला, मग पंचनाम्याच्या कोऱ्या फॉर्मवर, मग टेबलाच्या लाकडावर. वळलेले कान, टोकाला टोक, एकामागून एक, पंधरा-वीस घोडे. एकाहून एक सरस. "हे बघा साहेब," ती ओरडत होती, "हे बघा, हे माझे आहेत, या सरांनी मला सांगितलं—"

"आता झाकण काढून पान समोर ठेवलंय, आता कुणीही काढील," मी म्हणालो. "बघून काढणं आणि हातातून येणं यात फरक असतो. तो ओळखणं हाच माझा व्यवसाय आहे."

करणसिंगांनी एकदा टेबलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, सर म्हणतात ते शास्त्रीय आहे. तलाठ्याने सही केली. एका हवालदाराने ओल्या फडक्याने टेबल पुसलं, कारण सरकारी टेबल होतं.

बॉलपेनने काढलेला तो घोडा मी जाळणार होतो. माझ्याने झालं नाही. अजून माझ्याकडे आहे, कधीकधी काढून बघतो. चित्राची कदर मला आहे, कुणी काहीही म्हणो.

तिच्या जामिनाला कुणी उभं राहिलं नाही. अब्राहाम केव्हाच गेले होते, आणि गावातले लोक त्या दिवसांत मजुरीला गुजरातेत. आठ महिने ती आत होती. मी त्या आठ महिन्यांत नवं प्रकरण लिहिलं. संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आठवं पान मधल्या काचेत, खास दिव्याखाली. लोक त्या अर्धवट घोड्यापुढे उभे राहून मुकाट होतात, ते मी स्वतः कोपऱ्यात उभं राहून बघितलं.

ऑक्टोबरात कोर्टात तारीख होती. सरकारने दिलेल्या तिच्या वकिलाने तिला समजावलं होतं, की गुन्हा कबूल केलास तर भोगलेल्या दिवसांवर सुटशील, नाहीतर खटला किती वर्षं चालेल सांगता येत नाही. साक्षीला बोलावलं होतं म्हणून मी हजर होतो. न्यायाधीशांनी विचारलं, पान कुणाचं होतं. ती उभी राहिली. आठ महिन्यांत वेणी पातळ झाली होती.

"उस्तादाचं," ती म्हणाली. "मी चोरलं."

लिहून घेतलं गेलं. तिचा अंगठा नाही, सही घेतली. कोर्टाच्या कागदावर तिचं नाव पहिल्यांदा एका चित्राखाली आलं, ते असं.

बाहेर आवारात मी गाडीकडे निघालो होतो. ती मागून आली. मला वाटलं, आता शिव्या देईल, थुंकेल, आणि मी त्या तयारीने थांबलो. तिच्या हातात माझं पुस्तक होतं. करणसिंगांची प्रत, त्या कागदी खुणांसकट.

"साहेबांनी आत वाचायला दिलं होतं," ती म्हणाली. "तीनदा वाचलं."



तिने एक पान उघडलं आणि शाळेतल्या मुलीसारखं बोट ठेवून वाचलं. "'हा माणूस परक्या घरात राहत असावा. त्याच्याशी तिथे फारसं कुणी बोलत नसावं. त्याची माणसं नेहमी चित्राच्या कडेला, दाराबाहेर उभी असतात. फक्त घोड्यांपाशी आला की त्याचा हात हसतो.'" तिने पुस्तक मिटलं. "तुम्हाला हे कसं कळलं सर?"

"चित्रावरून," मी म्हणालो.

"माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणीच कधी बोललं नव्हतं. माझ्या बापानेपण नाही."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधला, कारण शोधणं हाच माझा धंदा, पण नव्हता. आणि जे झालं ते सांगून टाकतो. मला लाज वाटायला हवी होती. मला भरून आलं, पण ते आनंदाने. ते पुस्तक खरं आहे की नाही हे सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने मला पास केलं होतं. परिषदांतल्या सगळ्या टाळ्या त्यापुढे कमी होत्या. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं, साहेबांना परत करा म्हणाली, आणि नवापूरची बस लागली होती तिकडे चालायला लागली. मी गाडीत बसलो आणि ते पान काढून पुन्हा वाचलं. चांगलंच लिहिलं होतं.